फियाट घाट चढली पाहिजे

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली सोडली की बोरघाट लागतो. थोड्याच अंतरात पाचशे मीटरहून जास्त उंची चढायची असते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, हा घाट चाकाच्या वाहनांना खुला झाला. २००२ पासून बहुतेक वर्दळ द्रुतगती मार्गाने जाते, पण जुन्या मोटारी दुरुस्त करण्याचा ज्यांना नाद आहे त्यांनी ही वाट सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी खरोखर दुरुस्त झाली की नुसती रंगवली, हे या चढावर कळतं. हाच घाट चढायला कर्जतला रेल्वेगाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. पद्मिनीला आपल्या १०८९ सीसीच्याच जोरावर खंडाळा गाठायचा असतो.

चढावर वेग पडतो आणि समोरून येणारा वारा कमी होतो. रेडिएटरचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत राहिलं तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात आणि तापमानाचा काटा लालकडे सरकतो. जाणता चालक स्टिअरिंगजवळच्या हँडगिअरने वेळीच खालचा गिअर टाकतो. तरीही गाडी तापली, तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचलेत, टायमिंग मागे पडलंय किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देतोय असं समजावं. इंजिनला चिकटलेला पेट्रोलपंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं; पण दर खेपेला फडकं लागत असेल तर रोग दुसरीकडे आहे. उतरताना चारही चाकांच्या ड्रम ब्रेकची पाळी येते. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर लायनर तापून पकड सुटते, म्हणून उतारही खालच्याच गिअरवर उतरायचा. शोरूममध्ये उभ्या गाडीत यातलं काहीही दिसत नाही.

पत्र्याचं दुखणं तर आणखी लपतं. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. कर्जत-खालापूरच्या पावसात, शेतघराच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवलेल्या गाडीला दाराखालून आणि तळाकडून गंज धरतो. तिथे लांबी भरून रंग मारला की गाडी छान दिसते, पण बळ गेलेलं असतं. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हेच खरं काम. ते वेळखाऊ आहे आणि झाकलं जातं, म्हणून त्याला पैसे द्यायला मालक कचरतो.

हा आग्रह आत्ताच का? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. इटलीत फियाट ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं, प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात मात्र तिचा वंश पद्मिनीच्या रूपाने शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. छंद करणाऱ्यांना सुटे भाग आणि मिस्त्री सहज मिळाले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. रोज धावणारी टॅक्सी रोज काहीतरी मागते, म्हणून दुकानदार माल ठेवतो आणि पोऱ्या काम शिकतो. वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाली. आता ती मागणी छंदिष्टांनीच टिकवायला हवी, आणि उभी गाडी काहीच मागत नाही.

यावर कोणी म्हणेल, इतकी दुर्मीळ वस्तू घाटात घालून झिजवायची कशाला? पण उभ्या गाडीचे सील वाळतात, टाकीत गंज धरतो, ब्रेकचे सिलिंडर अडकतात. न वापरल्यानेही झीज होतेच. धुराचा आक्षेप मी जास्त गंभीर मानते. मोजक्या फेऱ्या आणि नीट ट्यून केलेलं इंजिन एवढंच त्यावर उत्तर आहे, आणि काळा धूर सोडणारी गाडी दुरुस्त झाली असं म्हणूच नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांना प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीसाठी रस्त्यावर येता येतं, नेहमीच्या वापरासाठी नाही. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. ही अट मला पटते. सीटबेल्ट आणि चांगले टायर जरूर लावावेत. पण घाट सोपा जावा म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं, तर मूळ इंजिनचं बोअरिंग करणाऱ्या, टॅपेट कानाने जुळवणाऱ्या मिस्त्रीचं काम जातं, आणि त्याच्या हाताखाली शिकणारं पोर दुसरा धंदा धरतं.