महानगरीय जीवनाची गती आणि समकालीन चित्रकला : सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा सलग थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले हे काम रात्रंदिवस चालून ७ जूनच्या सायंकाळी पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथील होता. तेथे सुमारे २५ किलोमीटरच्या कामास दहा दिवस लागले होते. वऱ्हाडच्या वाट्याला आलेला हा विक्रम गतीचा आहे. विक्रमाच्या नोंदीत लांबी आणि वेळ येते. ज्या सातशेहून अधिक माणसांनी तो घडविला त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा तेथे येत नाही.

आधुनिक नागरी जीवनाचा विचार करताना हाच प्रश्न वारंवार समोर येतो. गती मोजता येते, परंतु ती ज्यांच्या श्रमावर उभी असते ती माणसे मोजमापातून निसटतात. ती दृष्टीस पडावीत यासाठी चित्रकलेने काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात सुधीर पटवर्धन यांच्या मुंबई-ठाणे परिसरावरील चित्रांच्या आधारे केला आहे. तुलनेसाठी जितिश कल्लाट आणि काही जपानी कलावंतांच्या कलाकृतींचा संदर्भ घेतला आहे.

गतीचे चित्रण : पाश्चात्त्य पूर्वपीठिका

गती हा आधुनिक कलेचा विषय म्हणून सर्वप्रथम ठळकपणे मांडला तो इटलीतील भविष्यवाद्यांनी. मारिनेत्ती यांचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला. मोटार, यंत्र आणि वेग यांचे उघड गुणगान हे या चळवळीचे वैशिष्ट्य होते. जाकोमो बाला यांनी १९१२ मध्ये साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे चित्र रंगविताना त्याचे पाय अनेक वेळा रेखाटून हालचालीचा आभास निर्माण केला. रेषांची पुनरावृत्ती आणि आकारांचे विघटन ही या चित्रकारांची मुख्य साधने होत. त्यांच्या दृष्टीने वेग हे एक सौंदर्यमूल्य होते. वेगाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न त्यांच्या कार्यक्रमात नव्हता.

भारतीय चित्रकारांपुढे हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला, कारण येथे गती वसाहतकालीन रेल्वे आणि कापड गिरण्या यांच्या रूपाने आली.

मुंबईच्या गतीची घडण

बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा पहिला रेल्वे प्रवास १६ एप्रिल १८५३ रोजी झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. लोकल गाडीने मुंबईकराच्या दिवसाची विभागणी मिनिटांत केली. गिरणगावात तेच काम गिरणीच्या भोंग्याने केले. पाळी सुरू होणे, संपणे, चाळीतील चूल पेटणे, मुलांची शाळा या साऱ्यांचा मेळ भोंग्याशी असे.

या गतीचा कच्चा माल बऱ्याच अंशी बाहेरून येत होता. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात आणि गिरण्यांत जात असे, तर कोकण आणि देशावरील माणसे त्या गिरण्यांत राबत असत. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पूर्वीच्या स्थितीत कधीच आल्या नाहीत. पुढील दोन दशकांत त्यांच्या जागी कार्यालये, विक्रीसंकुले आणि उंच इमारती उभ्या राहू लागल्या. पटवर्धन यांच्या चित्रकारितेचा मोठा भाग नेमका याच स्थित्यंतराच्या काळातील आहे.

सुधीर पटवर्धन : थांबलेल्या क्षणाची चित्रे

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ मध्ये पुणे येथे झाला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेऊन ते मुंबईस आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी व्यवसाय केला. २००५ पासून ते पूर्णवेळ चित्रकार झाले. १९७९ मध्ये दिल्लीच्या आर्ट हेरिटेजमध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्यासह ते सहभागी होते. माणसाला आणि त्याच्या परिसराला चित्रात पुन्हा स्थान देणे ही या प्रदर्शनामागील भूमिका त्याच्या शीर्षकातूनच स्पष्ट होते.

त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांची शीर्षके पाहिली तरी विषयाची कल्पना येते : 'रनिंग वूमन' (१९७७), 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०), 'ओव्हरब्रिज' (१९८१), 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' (१९८१). हे सारे विषय गतीचे आहेत. चित्रांची मांडणी मात्र स्थिर आहे. पटवर्धन धावणारी स्त्री रंगवितात तेव्हा भविष्यवाद्यांप्रमाणे तिचे पाय अनेक करीत नाहीत. शरीराला घनता आणि वजन देण्यावर त्यांचा भर असतो. सेझान आणि लेजे या फ्रेंच चित्रकारांचा त्यांनी केलेला अभ्यास येथे जाणवतो. परिणामी प्रेक्षकाचे लक्ष वेगावरून धावणाऱ्या शरीराकडे, त्याच्या थकव्याकडे आणि घाईकडे वळते.

इराणी हॉटेल हे मुंबईच्या धावपळीतील विसाव्याचे ठिकाण. तेथे बसलेला माणूस रंगविणे म्हणजे गतीची दुसरी बाजू दाखविणे होय. शहर धावते त्याच वेळी कोणीतरी पाळी सुटल्यावर, काम मिळेपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत थांबलेले असते. 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' या चित्राच्या शीर्षकात कामगार दिन आणि अपघात यांची जोडणी आहे. वेगाच्या व्यवस्थेत बळी कोणाचा जातो, याचे सूचन त्यात आढळते.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्या चित्रांचा आवाका वाढला. 'टाऊन' (१९८४) यासारख्या चित्रांत एकट्या माणसाची जागा संपूर्ण वस्तीने घेतली. रस्ते, अर्धवट बांधकामे, दुकाने आणि माणसे एकाच दृष्टिक्षेपात न मावतील अशा रीतीने मांडलेली असल्याने प्रेक्षकाला चित्रात अक्षरशः हिंडावे लागते. 'लोअर परळ' (२००१) हे चित्र गिरणगाव बदलत असतानाचे आहे. त्यानंतरच्या 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' (२०१४) या अनेक पटलांच्या भव्य चित्रात शहराचे निरनिराळे काळ शेजारी-शेजारी आले. नॅन्सी अडजानिया यांच्या संयोजनाखाली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचे नावही 'वॉकिंग थ्रू सोल सिटी', म्हणजे शहरातून पायी चालण्याचे होते. पायी चालणाऱ्याचा वेग हाच या चित्रकाराच्या निरीक्षणाचा वेग आहे.

अन्य दृष्टी : जितिश कल्लाट आणि जपानी कलावंत

पुढच्या पिढीतील जितिश कल्लाट (जन्म १९७४) यांनी याच शहराच्या गतीला वेगळ्या पद्धतीने हाताळले. 'रिक्षापोलिस' या चित्रमालिकेत वाहने आणि माणसे एकमेकांवर आदळून त्यांचा एकच गुंता होतो. '३६५ लाइव्ह्ज' (२००७) या कृतीत वाहनांच्या पत्र्यावर पडलेल्या पोच्यांची ३६५ छायाचित्रे आहेत. पोचा येथे जखमेसारखा दिसतो. कल्लाट गतीचा आघात दाखवितात, तर पटवर्धन गती सोसणारा माणूस दाखवितात.

जपानमध्ये हा विषय अधिक तीव्रतेने हाताळला गेला. ताबाइमो या कलावतीच्या 'जॅपनीज कम्यूटर ट्रेन' (२००१) या सचेतन चित्रकृतीत प्रेक्षक जणू लोकलच्या डब्यातच उभा असतो आणि भोवती प्रवाशांचे विचित्र वर्तन सुरू असते. रंगसंगती जुन्या जपानी काष्ठठशांची, तर आशय आजच्या एकाकी गर्दीचा आहे. ओन कावारा यांनी ४ जानेवारी १९६६ पासून केवळ त्या त्या दिवसाची तारीख रंगविणारी चित्रे केली. मध्यरात्रीपूर्वी चित्र पूर्ण न झाल्यास ते नष्ट करावयाचे, असा त्यांचा नियम होता.

तात्सुओ मियाजिमा यांची नाओशिमा बेटावरील 'सी ऑफ टाइम ९८' ही कृती या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. एका जुन्या घरातील पाण्यात १२५ विद्युत अंकयंत्रे ठेवलेली आहेत. ती एक ते नऊ असे अंक दाखवितात. शून्य कधीच दाखवीत नाहीत. प्रत्येक यंत्राचा वेग बेटावरील एकेका रहिवाशाने ठरविलेला असून त्यात लहान मुलांपासून नव्वदी ओलांडलेल्या वृद्धांपर्यंत सारे होते. सर्वांवर एकच गती लादणाऱ्या नागरी व्यवस्थेसमोर प्रत्येकाच्या स्वतःच्या गतीचा हक्क ही कृती मांडते.

वऱ्हाडच्या संदर्भात

मुंबई आणि जपान येथील हे प्रश्न वऱ्हाडला परके नाहीत. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी 'शकुंतला' ही अरुंद मार्गाची गाडी मुळात कापसाच्या वाहतुकीसाठी होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. पुढे या मार्गावरील वाहतूकही थांबली. तिच्या संथपणाची थट्टा पुष्कळ झाली, परंतु ज्यांना बसचे भाडे परवडत नसे त्यांच्यासाठी तोच परवडणारा वेग होता. अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्यांनी या भागातही पाळीचे वेळापत्रक आणले होते. ते गेले आणि त्या जागी महामार्गाचे वेळापत्रक आले.

या स्थित्यंतराची आकडेवारी शासकीय दप्तरांत मिळेल. मात्र जूनच्या उन्हात तापलेल्या डांबरासमोर रात्रपाळी करणारा मजूर, किंवा शकुंतलेच्या बंद फलाटावर बसलेला वृद्ध यांची नोंद तेथे होत नाही. ती चित्रकार, छायाचित्रकार आणि लेखक यांनी घ्यावयाची असते. पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेले होते. समकालीन कला महानगरातील दालनांपुरती राहू नये, ही जाणीव त्यामागे दिसते. येथील कलाशिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती आपल्या परिसराकडे वळविण्याची आवश्यकता आहे.

निष्कर्ष

१. भविष्यवाद्यांनी वेगाला सौंदर्यमूल्य मानले. पटवर्धन यांनी वेग सोसणाऱ्या मानवी शरीराला चित्राच्या केंद्रस्थानी आणले.

२. गतीचे चित्रण करण्यासाठी चित्र गतिमान असावेच लागते असे नाही. स्थिर आणि घन मांडणीमुळे प्रेक्षक थांबतो व एरवी दृष्टीआड होणारा माणूस त्याला दिसतो.

३. कल्लाट, ताबाइमो आणि मियाजिमा यांची माध्यमे भिन्न असली तरी नागरी गती सर्वांसाठी सारखी नसते, या एका जाणिवेशी त्यांच्या कलाकृती येऊन मिळतात.

४. वऱ्हाडसारख्या प्रदेशात गती आता वेगाने प्रवेश करीत आहे. तिचे विक्रम नोंदविले जातात, तशी ती घडविणाऱ्या आणि तिच्यामुळे मागे पडणाऱ्या माणसांचीही नोंद होणे, हे येथील कलेपुढील निकडीचे कार्य आहे.