इंजिन न उतरवता ब्लॉकची दुरुस्ती

ट्रकचे पाणी वारंवार कमी होऊ लागले, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले किंवा ऑईल दुधाळ झाले की मिस्त्री हेड गॅस्केट बदलतो. महिन्या-दोन महिन्यांत तीच तक्रार पुन्हा येते. मालक गॅस्केटला दोष देतो, मिस्त्री ड्रायव्हरला. खरा दोष पुष्कळदा ब्लॉकमध्येच असतो.

अनेक अवजड डिझेल इंजिनांत सिलिंडरचा लायनर वेगळा असतो आणि त्याच्याभोवती थेट पाणी खेळते. जुन्या धाटणीच्या इंजिनांत या लायनरची वरची कॉलर ब्लॉकमध्ये कातलेल्या बैठकीवर टेकते व हेड तिला वरून दाबून धरते. त्यासाठी कॉलर ब्लॉकच्या सपाटीपेक्षा किंचित वर असावी लागते. कमिन्सच्या एनटी ८५५ इंजिनात ही उंची साधारण ३ ते ६ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग! वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी बैठक घासते, लायनर खाली बसतो आणि गॅस्केटवरचा दाब जातो. मग गॅस्केट कितीही महागाचे टाका, ते टिकणार नाही.

याचा सरळ इलाज म्हणजे इंजिन उतरवून, सुटा ब्लॉक मशीन शॉपला पाठवणे. त्यात गाडी बरेच दिवस उभी राहते. हप्ता मात्र थांबत नाही आणि व्यापाऱ्याचा मालही अडकतो.

दुसरा मार्ग चेसिसवरच काम करण्याचा आहे. हेड आणि खालचे ऑईल चेंबर काढून पिस्टन व लायनर बाहेर घेतात. बैठक कातण्याचे हाताने फिरवायचे हत्यार हेडबोल्टच्या आट्यांत आवळून ब्लॉकवर बसवतात आणि झिजलेली बैठक सपाट होईल एवढीच, थोडी थोडी कातत जातात. जेवढी धातू गेली, तेवढ्या जाडीची शिम कॉलरखाली घालतात. मग लायनर दाबून धरून डायल गेजने चार ठिकाणी उंची मोजतात. काम नाजूक आहे, पण लेथवर हात बसलेल्या आपल्या तरुण कारीगरांना ते जड जाऊ नये.

धोका आहे तो कातणाचा. आमचा ग्रे माल बालोतऱ्याला नेणारी गाडी एकदा अशाच दुरुस्तीला गेली होती. बैठक छान झाली, चार दिवसांत गाडी रस्त्याला लागली. आम्ही खूश! पण कातताना क्रँक झाकला नव्हता. लोखंडाची बारीक पूड क्रँकच्या ऑईलच्या भोकांत गेली आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग खाऊन टाकले. शेवटी इंजिन उतरवावेच लागले, वर क्रँकचा ग्राइंडिंगचा खर्च वेगळा. तेव्हापासून कातण्याआधी क्रँकवर ग्रीस लावलेले फडके आहे की नाही, हे मी स्वतः वाकून पाहतो. कापडाचा व्यापारी इंजिनात डोके घालतो म्हणून गॅरेजमधली पोरे हसतात. हसू देत.

प्रत्येक इंजिनाला हा इलाज चालत नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा-कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडर इंजिनात वेगळा लायनरच नसतो. पिस्टन ब्लॉकच्या बोरमध्येच चालतो. बोर झिजला तर तो मोठा करून ०.५ किंवा १ मि.मी. ओव्हरसाईज पिस्टन घालतात. ते काम मशीनवरच चांगले होते, म्हणजे इंजिन उतरवणे आले. ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँकच्या बेअरिंगची ओळ वाकडी झाली असेल, तरीही चेसिसवर हात घालू नये. तिथे वाचवलेले दिवस दुपटीने भरावे लागतात.

म्हणून हेड उघडल्यावर लगेच होकार देऊ नका. आधी प्रत्येक लायनरची उंची मोजायला सांगा. काम झाल्यावर पुन्हा मोजून दोन्ही वेळचे आकडे बिलावरच लिहून घ्या. ज्याच्याकडे डायल गेज नाही, त्याच्याकडून गॅस्केट बदलून घ्यायला हरकत नाही. बैठक कातायला देऊ नका.