खांदेपालट

शिमग्यात रत्नागिरीच्या भैरीची पालखी बारा वाड्यांतून फिरते. ढोल, गुलाल, गाऱ्हाणी असा सगळा कल्लोळ चालू असतो, आणि माझी नजर लहानपणापासून खांदा बदलणाऱ्यांवर असते. दमलेला माणूस जरासा वाकतो, दुसरा आपला खांदा दांड्याखाली सारतो, दोघं दोन-चार पावलं एकत्र चालतात आणि मग पहिला हळूच बाजूला होतो. पालखी त्यात थांबत नाही, कलंडतही नाही.

गेली काही वर्षं मी ज्या कामात गुंतलो आहे, त्याबद्दल लिहायला बसलो की मला ही दोन-चार पावलं आठवतात. डेबियन नावाची एक संगणकप्रणाली आहे. ती कुठल्या कंपनीची नाही. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. त्या सांभाळातला खारीचा वाटा रत्नागिरीत, माझ्या माडीवरच्या टेबलावर उचलला जातो. या दिवाळीत त्या सगळ्या व्यवहाराचा आढावा घ्यावा असं मनात आहे.

आधी पॅकेज म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडच्या माणसाला ते आंब्याच्या पेटीवरून चटकन कळतं. आंबा पिकवणारा बागायतदार वेगळा आणि पेटी भरणारा वेगळा. पेटी भरणारा फळ हाताळून बघतो, डागी काढतो, पेंढा घालतो, वर नाव-पत्ता लिहितो. मुंबईत पेटी उघडल्यावर नासकं फळ निघालं तर बोल पहिल्यांदा त्याला लागतो. सॉफ्टवेअरच्या जगात बागायतदाराला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात आणि पेटी भरणाऱ्याला ‘मेंटेनर’. अपस्ट्रीमने लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, त्याच्या प्रत्येक फाइलीचा परवाना तपासायचा, त्याला आणखी कशाकशाची गरज आहे ते नोंदवायचं, बाकीच्या हजारो पॅकेजांशी त्याचं पटेल असं करून ते भांडारात ठेवायचं, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्याबद्दलच्या तक्रारी ऐकायच्या, हे मेंटेनरचं काम. मोबदला शून्य.

ट्रिक्सी नावाची डेबियनची १३वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. तिच्यात ६९,८३० पॅकेजं आहेत. मतदानाचा हक्क असलेले अधिकृत डेव्हलपर मात्र सुमारे हजारच. उबुंटू २००४ साली याच झाडाला फुटली, रास्पबेरी पायवर याचंच रूप चालतं, आणि आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही याच्याच पायावर उभी आहे. २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपांवरही डेबियन बसवलं गेलं.

सुरुवात अगदी घरगुती होती. इयान मरडॉक हा अमेरिकेतला एक विद्यार्थी. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने या प्रकल्पाची घोषणा केली. डेब्रा ही त्याची तेव्हाची मैत्रीण. तिचं नाव आणि स्वतःचं नाव जोडून ‘डेबियन’ झालं. अडीच-तीन वर्षांत त्याने धुरा ब्रूस पेरेन्सकडे दिली. पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं पडली आणि ती प्रथा आजही चालू आहे. १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ लिहिला गेला. त्यात डेबियनने वापरणाऱ्यांना वचन दिलं की ही प्रणाली मुक्त राहील आणि तिच्यातले दोष लपवले जाणार नाहीत. दोषांची वही आजही कुणालाही उघडून वाचता येते.

संस्थापकाने तिसऱ्याच वर्षी खांदा बदलला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मरडॉक २८ डिसेंबर २०१५ रोजी गेले. २०१७ची ‘स्ट्रेच’ ही आवृत्ती त्यांना अर्पण केली आहे. तोवर प्रकल्प चालायला त्यांची गरज उरली नव्हती. एखादं काम उभं करणाऱ्याचं याहून मोठं यश मला माहीत नाही.

आता माझ्या टेबलावर या. पॅकेजच्या पोटात ‘डेबियन’ नावाचा एक फोल्डर असतो आणि त्यात ‘चेंजलॉग’ नावाची फाइल. प्रत्येक बदलाची नोंद तिच्यात करावी लागते. नोंदीच्या शेवटी एक मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, मेंटेनरचं नाव, ई-मेल आणि तारीख. ई-मेल आणि तारीख यांच्यामध्ये मोकळ्या जागा बरोब्बर दोन हव्यात. एक पडली तर यंत्र हटकतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हा काटेकोरपणा अनाठायी वाटला होता. नंतर वीस-वीस वर्षांपूर्वीचे चेंजलॉग वाचायला लागलो. एकाच फाइलीत खाली एका माणसाचं नाव, त्याच्या वर दुसऱ्याचं, त्याच्या वर तिसऱ्याचं. कुणी जर्मनीतला, कुणी ब्राझीलमधला, कुणी जपानमधला. मधेच एक ओळ येते: ‘नवा मेंटेनर’. त्याच्या शेजारी, आधीच्या माणसाने इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल आभार. आपल्याकडे जुन्या घरांच्या दस्तांत नावं चढत जातात, तशीच ही वंशावळ. फक्त इथे रक्ताचं नातं लागत नाही.

तयार पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये जातं. तिचं टोपणनाव सिड, म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. तिथे ते वेगवेगळ्या जातींच्या प्रोसेसरांवर बांधून बघतात. काही दिवस गंभीर दोष निघाला नाही तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं, आणि साधारण दोन वर्षांनी ‘टेस्टिंग’ गोठवून, उरलेले दोष निपटून तीच ‘स्टेबल’ म्हणून जाहीर होते. तारखेपेक्षा तयारीला मान. घाई करणाऱ्याला हे रटाळ वाटतं. ज्याला रात्री निवांत झोप हवी, तो सर्व्हर सांभाळणारा माणूस मात्र याच रटाळपणासाठी डेबियन निवडतो.

पण माणसं कायम राहत नाहीत. लग्न होतं, मूल होतं, नोकरी बदलते, आजारपण येतं, मन उडतं. आम्हा कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. वाडीत दहा घरं असली तर चारांना कुलूप, आणि चाकरमानी गणपतीला आले की तेवढे दिवस उघडतात. बंद घराचं छप्पर पहिल्या पावसात गळत नाही. ते चौथ्या-पाचव्या पावसात बसतं, आणि तोवर कुणाला पत्ता लागत नाही. सांभाळणारा निघून गेलेल्या पॅकेजचंही असंच होतं.

डेबियनने यासाठी जी रीत बसवली आहे तिला तोड नाही, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच. आपल्याला पुढे जमणार नाही असं दिसलं की मेंटेनर ‘कुणी दत्तक घेता का’ अशी उघड सूचना लावतो. अगदी हात टेकले तर पॅकेज ‘पोरकं’ म्हणून जाहीर करतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. न सांगता नाहीसं होणं वाईट. पोरक्या पॅकेजांची यादी जाहीर असते आणि कुणी पुढे येईपर्यंत एक गट त्यांची तात्पुरती देखभाल करतो. नावावर पॅकेज आहे पण कित्येक महिने हालचाल नाही, अशा ठिकाणी दुसरा माणूस ते वाचवण्याचा इरादा जाहीर करू शकतो, पण आक्षेप घ्यायला आधीच्याला निदान २१ दिवस द्यावे लागतात. बेपत्ता झालेल्यांचा शोध घेणारं एक वेगळं पथकच आहे. ते आधी पत्र लिहितात, बरे आहात ना म्हणून विचारतात. निवृत्त झालेल्याला परत यायचं असेल तर वाट मोकळी असते.

जोएल क्लेकर या मुलाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. टोपणनाव एस्पी. त्याचं काम चोख, निरोपांना उत्तरं वेळेवर. ११ जुलै २००० रोजी, २१व्या वर्षी तो गेला, आणि तेव्हा बहुतेक सहकाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन या आजाराने तो त्यातला बहुतेक काळ अंथरुणाला खिळलेला होता. पुढच्या महिन्यात आलेली ‘पोटॅटो’ ही आवृत्ती त्याला अर्पण केली गेली. कामाच्या गुणावर माणूस जोखला जातो असं आपण नुसतं म्हणतो. एस्पीच्या बाबतीत ते अक्षरशः घडलं. पण त्याचबरोबर, पलीकडचा माणूस कसा आहे हे आपण विचारत नाही, हेही त्याच्या जाण्याने दाखवलं.

या रीतीतही चुका झाल्या, आणि मोठ्या झाल्या. २००६ साली डेबियनच्या मेंटेनरने ओपनएसएसएल या, संगणकांमधले निरोप कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्राममधल्या दोन ओळी काढल्या. तपासणीचं साधन त्या ओळींबद्दल कुरकुर करत होतं, आणि त्याने मूळ प्रकल्पातल्या लोकांना आधी विचारलंही होतं. पण त्या ओळींवरच गुप्त किल्ल्यांची अनिश्चितता अवलंबून होती. परिणाम असा की एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी, जेमतेम ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्या निघू शकत होत्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झालं आणि जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. पेटी भरताना फळाला नख लागलं, तसंच हे. माझ्यासारखा लहान मेंटेनर आजही परक्याच्या कोडमधली ओळ खोडताना ही तारीख आठवतो.

दुसरा प्रसंग २०२४चा, आणि तो थेट खांदेपालटीचाच आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन लासे कॉलिन हा माणूस जवळजवळ एकटा, विनामोबदला सांभाळत होता. तब्येतीमुळे आपला वेग मंदावला आहे असं त्याने उघडपणे लिहिलंही होतं. काही अनोळखी नावं त्याच्यावर दडपण आणत राहिली, आणि ‘जिया तान’ हे नाव घेतलेल्या कुणीतरी दोन-अडीच वर्षं मन लावून मदत केली, विश्वास कमावला, सहमेंटेनर झाला, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो डेबियनच्या सिडमध्ये आणि टेस्टिंगमध्ये पोचलासुद्धा. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता सिडवर मोजमापं घेत होता. दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जादा का लागतो, हे त्याला खटकलं. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं जगासमोर ठेवलं. स्टेबल वाचली.

लोक या प्रसंगावरून स्वयंसेवकांवर भरवसा ठेवू नये असं म्हणतात. मला त्यात दमलेला एकटा माणूस दिसतो, ज्याच्या पालखीला दुसरा खरा खांदेकरी मिळाला नाही. म्हणून डेबियनमध्ये आता एकेकट्या मेंटेनरपेक्षा गटांनी पॅकेजं सांभाळण्याकडे कल आहे, आणि म्हणूनच माणसाची ओळख पटवण्याबद्दल तिथे इतका आग्रह असतो.

महाराष्ट्रात या कामाची मुळं बऱ्यापैकी खोल आहेत. पुण्यातला लिनक्स वापरणाऱ्यांचा गट, सिम्बायोसिसमध्ये भरलेलं ‘ग्नुनिफाय’ संमेलन, ऑगस्ट २०१० मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेली डेबियनची छोटी परिषद, नोव्हेंबर २०११ मध्ये तिथेच झालेलं फेडोरा या दुसऱ्या मुक्त प्रणालीवाल्यांचं संमेलन, जानेवारी २०१५ मध्ये आयआयटी मुंबईत भरलेली डेबियन परिषद. आयआयटीच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने या साधनांचे धडे मराठीतून ऐकवले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद पहिल्यांदा भारतात, कोचीत झाली. ३५ देशांतून ४७४ जण आले.

मराठीसाठी यात काय आहे? डेबियनचा इन्स्टॉलर २००९च्या ‘लेनी’पासून मराठी बोलतो. ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ हे पॅकेज मागितलं की मराठीला लागणारी बरीच सामग्री एकत्र येते. ‘लोहित’ फॉन्टचा मोठा भाग पुण्यातल्या रेड हॅटमध्ये घडला. लोहित म्हणजे तांबडा, हे नाव तिथूनच आलं. छापील मराठी मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टचंही मराठी पॅकेज आहे. पण यातली काही पॅकेजं बांधणाऱ्यांना मराठी वाचता येत नाही. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र मोडला, किंवा आपला ल आणि श हिंदी वळणाचा आला, तर त्यांना कळणार कसं? तक्रार नोंदवणारा मराठी वाचक तिथे हवा. त्याला प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. अक्षर चुकलेलं दिसलं की त्याचं चित्र काढून नीट लिहून पाठवणं पुरे. हे काम आज आपल्याकडे फार थोडी माणसं करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रत्नागिरीतली मुलं अभियांत्रिकी झाली की पुण्या-मुंबईची गाडी धरतात. हे काम मात्र इथे बसून होतं. वीज आणि नेट असलं की झालं. जुलैत दोन्ही जातात, तेव्हा बांधणी अर्धवट राहते आणि पहाटे पुन्हा सुरू करावी लागते, एवढंच. आमच्या गावात जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. जवळजवळ दोनशे वर्षं पुस्तकं एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातात जात आली. तेव्हा सांभाळ ही गोष्ट आम्हाला नवी नाही.

यंदा पावसाळ्यात संगमेश्वर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “सर, हे करून मिळतं काय?” मी पोरक्यांची यादी उघडून दिली. तिने फॉन्टमधली अक्षरं तपासणारं एक लहानसं साधन निवडलं. पहिल्या खेपेला परवान्याच्या नोंदीत दोन फाइली राहून गेल्या, म्हणून एका अनुभवी डेव्हलपरने ते परत केलं. काय राहिलं ते मात्र ओळीओळीने लिहून दिलं. दुसऱ्या खेपेला ते आत गेलं.

गेल्या रविवारी तिच्या किल्लीवर, म्हणजे डेबियनमध्ये जिच्यावरून तिची ओळख पटणार त्या डिजिटल किल्लीवर, माझी सही करायची होती. रीत अशी की समोरासमोर भेटायचं, सरकारी ओळखपत्र बघायचं आणि किल्लीचा ठसा मोठ्याने वाचून ताडायचा. चाळीस अक्षरं, चार-चारांचे दहा गट. तिने वहीत लिहून आणले होते. ती एकेक गट वाचत गेली, मी माझ्या कागदावर पेन्सिलने टिंब देत गेलो. सातव्या गटाला वीज गेली. तिने मोबाइलचा दिवा लावला, वहीवर धरला आणि आठवा गट वाचायला घेतला.