मोबाईलवरचं चरित्र वाचताना

गटात कुणाच्या जयंतीला भाषण करायचं ठरलं, की आपण मोबाईल उघडतो आणि त्या व्यक्तीची माहिती वहीत उतरवून घेतो. पण ती खरी कशावरून? लता मंगेशकर यांचंच उदाहरण घेऊ.

लतादीदींनी पंचवीस हजार गाणी गायली, असं आपण कितीदा ऐकलंय. हा आकडा १९७४ साली गिनीज बुकाने छापला. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली. आपली गाणी त्याहून जास्त आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८४ च्या आवृत्तीत दोघांचेही दावे आले आणि १९९१ पर्यंत ती नोंदच निघाली. २०११ मध्ये गिनीजने हा मान आशा भोसले यांना दिला, तेव्हा आकडा होता ११,००० पर्यंत. ज्या संग्राहकांनी लतादीदींचं एकेक गाणं मोजलं, त्यांना हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास सापडली. त्यात मराठी, बंगाली गाणी धरलेली नाहीत. म्हणजे आकडा दिसला, की काय मोजलं आणि कुणी मोजलं, हे आधी विचारायचं.

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० साली ते स्थापन करणाऱ्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे होते. जुनी दप्तरं शोधत ते गावोगाव हिंडले. ऐकीव गोष्टीपेक्षा अस्सल कागद मोठा, असा त्यांचा आग्रह. आपल्या बचत गटातही तेच चालतं. वहीतली रक्कम आपण पासबुकाशी ताडून बघतोच ना?

मोबाईलवरही तसंच करा. विकिपीडियावर कुणीही लिहू शकतं. म्हणून वाक्याशेजारी संदर्भाचा छोटा अंक आहे का बघा. त्यावर बोट ठेवलं, की माहिती कुठून घेतली ते कळतं. दहा ठिकाणी तेच लिहिलंय म्हणून दहा पुरावे होत नाहीत. बऱ्याचदा एकाने लिहिलेलं नऊ जणांनी उतरवलेलं असतं.

मग लेख एकाच बाजूने झुकलाय का, ते बघा. गायकांना रॉयल्टी मिळावी, असं लतादीदींचं मत होतं. गाण्याचे पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला, असं रफींचं. त्यावरून साठच्या दशकात दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. इथे एकालाच खरं ठरवणारा लेख चरित्र सांगत नाही, वकिली करतो.

हे सगळं कशाला, असं वाटेल. पण आपलं भाषण ऐकून मुलं तेच वहीत लिहितात. आणि आज एखाद्या नटीबद्दलचं बिनपुराव्याचं आपण पुढे पाठवलं, तर उद्या आपल्या सरपंच ताईंबद्दल तसंच कुणी पाठवलं तर त्याला कुठल्या तोंडाने अडवणार?

आकड्याची खात्री नसेल, तर तो सांगू नका. 'हजारो गाणी' म्हटलं, तरी लतादीदींचा मान तसूभरही कमी होत नाही.