खिडकी आणि खकाणा

पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा हमरस्ता कागल मागे टाकून कर्नाटकाच्या हद्दीत शिरला की पहिले मोठे गाव लागते ते निपाणी. तंबाखू आणि निपाणी ही नावे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर कित्येक पिढ्या जोडीने घेतली जात आहेत. 1981 साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी याच रस्त्यावर ठाण मांडले, 6 एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि त्यात 12 शेतकऱ्यांनी प्राण गमावले. तंबाखूच्या भावाचा इतिहास असा रक्ताने लिहिला गेला आहे. परंतु त्याच तंबाखूचा एक हिशेब अद्याप कोणी पुरता मांडलेला नाही. तो आहे हवेचा. तंबाखू जेथे कुटली, चाळली आणि वळली जाते तेथील हवेचा. आणि ती हवा दिवसाचे आठ-दहा तास छातीत भरून घेणाऱ्या स्त्रियांचा.

तंबाखूच्या वखारीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्यास आधी ठसका लागतो, मग शिंका येतात, डोळ्यांतून पाणी वाहू लागते. वाळलेले पान कुटले आणि चाळले की त्याची जी बारीक धूळ उठते तिला मराठीत खकाणा असे नेमके नाव आहे. रोज तेथे काम करणाऱ्या बाईला मात्र ठसका लागेनासा होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की तिला सवय झाली. वस्तुतः सवय होते ती नाकाला, फुप्फुसाला नव्हे. नाकाने हाकाटी करणे सोडले म्हणून आत शिरणारा खकाणा कमी होत नाही.

ही गोष्ट वैद्यकास नवी नाही. कामगारांच्या रोगांवर इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी याने 1700 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तंबाखूचे काम करणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. डोकेदुखी, घेरी, मळमळ आणि एकसारख्या शिंका ही लक्षणे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवली होती. तीनशे वर्षांनंतर निपाणीच्या कामगार बाईस तिची तक्रार विचारली तर ती यांहून फार वेगळे सांगणार नाही. 1982 साली ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला, तेव्हा त्यांच्या कामाची आणि त्यांनी उभारलेल्या संघटनेची हकीकत पडद्यावर आली.

खकाण्याने नेमके काय होते हे समजण्यास कणाच्या आकाराचा विचार केला पाहिजे. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकातील केसांत आणि ओलाव्यात अडकतात व शिंकेबरोबर बाहेर पडतात. त्यांहून लहान कण श्वासनलिकेत उतरतात आणि अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत जाऊन पोहोचतात. दुसरी गोष्ट अशी की, दहा मायक्रॉनचा कण शांत हवेत काही मिनिटांत जमिनीवर येतो, तर एक मायक्रॉनचा कण तासन्‌तास तरंगत राहतो. डोळ्यांना जो खकाणा दिसतो तो खाली बसतो. जो दिसत नाही तोच घातक, आणि तोच हवेत टिकून राहतो. नाकाला लावलेला लुगड्याचा पदर पहिल्या प्रकारास थोडाबहुत अडवितो. दुसऱ्यास त्यातून मोकळी वाट असते.

शिवाय तंबाखूची धूळ ही नुसती धूळ नव्हे. तिच्यात निकोटिन आहे आणि ते श्वासावाटे तसेच कातडीवाटेही शरीरात शिरते. ज्यांना तंबाखूचे कोणतेही व्यसन नाही, पण जे ती दिवसभर हाताळतात, अशा कामगारांच्या लघवीतही निकोटिनचे अंश भारतीय संशोधकांना आढळले आहेत. म्हणजे ज्या बाईने जन्मात विडी ओढली नाही, तिच्याही देहाला तंबाखूचा वाटा मिळतोच. जुनाट खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ हे या वाट्याचे नेहमीचे रूप होय.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले नाही असे नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे 14.2 घनमीटर जागा असावी असे ठरविले. विडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 साली वेगळा कायदा झाला. त्यात हवा, उजेड व तपमान यांविषयी कलम होते आणि तंबाखू मिसळताना वा चाळताना उठणारी धूळ कामगारांच्या श्वासात जाऊ नये म्हणून मालकाने उपाय योजावेत असे बंधनही होते. जागेचे मान मात्र दर माणशी सव्वाचार घनमीटर एवढेच ठेवले होते. कारखान्यातील मानाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पुढे 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला.

परंतु 1966 च्या त्या कायद्यातील खरी मेख जागेच्या मानात नव्हती. ती व्याख्येत होती. हवेचे कलम लागू होते ते औद्योगिक जागेस, आणि औद्योगिक जागेच्या व्याख्येतून राहते घर वगळलेले होते. घरी विड्या वळणारी बाई मजुरीपुरती कामगार ठरली. पण ती ज्या खोलीत वळते ती खोली कामाची जागा ठरली नाही. आणि विडीचे काम तर बहुतांशी घरीच चालते. कारखान्यातून मोजून पाने आणि तंबाखू आणावयाची, घरी विड्या वळावयाच्या आणि पुड्या बांधून परत द्यावयाच्या, असा हा क्रम. कामाबरोबर खकाणाही उंबरा ओलांडून आत आला. कायदा मात्र उंबऱ्याशीच थांबला.

त्या घराची हवा कशी असते हे साध्या गणिताने समजू शकेल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढीच उंच खोली धरली तर तिच्यात सुमारे 28 घनमीटर हवा मावते. बसून हलके काम करणारा प्रौढ माणूस तासाला 18 ते 20 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. म्युनिकचे शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी 1858 साली असे दाखवून दिले की, हा वायू खोलीत हजारात एक भाग एवढा साचला म्हणजे हवा कोंदट झाली असे समजावे. तो वायू तेवढ्या प्रमाणात विषारी असतो म्हणून नव्हे, तर तो साचला म्हणजे माणसांनी सोडलेले इतर सर्व काही साचले हे त्यावरून कळते म्हणून. त्या दहा फुटी खोलीत चार प्रौढ माणसे बसली आणि दारे-खिडक्या घट्ट लावल्या तर ही मर्यादा पाव तासाच्या आतच ओलांडली जाते. तासाभरात तिच्या तिप्पट मजल जाते. मग त्याच खोलीत चूल पेटली, त्याच खोलीत तंबाखूचे सूप मांडीवर असले, ओली पाने कोपऱ्यात ठेवली असली आणि घरात कोणाला क्षयाचा खोकला असला, तर त्या हवेचे काय होत असेल याचा अंदाज कोणासही करता येईल. क्षयाचे जंतू हवेतूनच पसरतात आणि कोंदट खोली हा त्यांचा मोठा आधार होय. रात्री अंथरुणे पसरतात तीही तेथेच, आणि दिवसाचा सूक्ष्म खकाणा तेव्हाही हवेत असतो. बाईच्या मांडीशी निजलेले मूल एकही विडी वळत नाही, पण श्वास मात्र तीच हवा घेते.

‘मग खिडकी उघडावी,’ असे शहाणा माणूस चटकन सांगून जातो. ज्याने मांडीवर सूप घेतलेले नाही त्याला हे सांगणे सोपे आहे. तंबाखू वजनावर मिळते आणि विड्या मोजून द्याव्या लागतात. वाऱ्याची एक झुळूक सुपावरून गेली तर तंबाखू उडते आणि ती तूट बाईच्या पदरी पडते. म्हणून भर उन्हाळ्यातही ती पंखा बंद ठेवते आणि खिडकी लोटून घेते. यात तिचे अज्ञान नाही. तिचा हिशेब आहे. आरोग्याचा उपदेश तिच्या हिशेबाच्या आड येत असेल तर हरणार तो उपदेशच.

तेव्हा प्रश्न असा आहे की, सुपातील तंबाखू उडू न देता खोलीतील हवा बदलता येईल काय? याचे उत्तर होकारार्थी आहे. कारण वारा आणि वायुवीजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारा म्हणजे हवेचा झोत. वायुवीजन म्हणजे जुनी हवा बाहेर जाऊन नवी आत येणे. हे काम झोताशिवायही होते. माणसांच्या आणि चुलीच्या उबेने हवा तापते, हलकी होते आणि छपराकडे चढते. तेथे तिला वाट असली तर ती निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा सावकाश येते. जुन्या कौलारू घराला छपराखाली झरोका असे, कौलांच्या फटी असत, धूर जाण्यासाठी धुराडे असे. त्या घरात गैरसोयी पुष्कळ होत्या, पण हवेला वर वाट होती. त्याच जागी सपाट स्लॅबचे, भिंतीला भिंत लागलेले घर उभे राहिले आणि झरोका गेला, तर पक्के घर हवेच्या बाबतीत कच्च्याहून वाईट ठरते.

म्हणून विडी वळणाऱ्या घरासाठी नियम साधे आहेत. बाहेर जाणारी वाट उंचावर, छताच्या लगत असावी. आत येणारी वाट समोरच्या भिंतीत, खाली, बसणाऱ्याच्या पाठीशी आणि जाळीची असावी. म्हणजे हवा डोक्यावरून निघून जाते, सुपावरून नव्हे. वाटा एकाच भिंतीत दोन ठेवण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत एकेक ठेवाव्यात. सीमाभागात पावसाळ्यात वारा आणि झड पश्चिमेकडून येते; म्हणून पश्चिमेच्या वाटेवर खोल पडवी किंवा तिरपी झडप असावी, जेणेकरून चार महिने ती बंद ठेवण्याची पाळी येणार नाही. वीज असेल तर छताच्या पंख्यापेक्षा भिंतीत वर बसविलेला, हवा बाहेर फेकणारा लहान पंखा अधिक उपयोगाचा. छताचा पंखा आतली धूळ आतच फिरवितो. तासातून एकदा बदलणारी हवा सहा वेळा बदलू लागली, तर बाकी सर्व तसेच असता तरंगता खकाणा साधारणपणे एक षष्ठांशावर येतो.

याच्या जोडीला काही घरगुती गोष्टी आहेत. खकाणा कोरड्या केरसुणीने झाडू नये. झाडला की तो पुन्हा हवेत चढतो. ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. तंबाखूचे पोते निजण्याच्या खोलीत ठेवू नये. नाइलाज असेल तर झाकणाच्या डब्यात ठेवावे. काम संपल्यावर हात कोपरापर्यंत धुवावेत आणि कामाचे लुगडे बदलल्यावाचून मुलाला जवळ घेऊ नये. चूल आणि सूप एका खोलीत नसावीत. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस पोहोचविला; पण पाणी तापविण्यासाठी चूल पेटत असेल तर तिची जागा परसात असावी.

तथापि सर्व भार बाईच्या शिरावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नव्हे. भिंतीत झरोका पाडावयाचा तर पैसा लागतो, आणि भाड्याच्या खोलीत घरमालकाची संमती लागते. विडी कामगारांसाठी मोठ्या वसाहती उभ्या राहू शकतात हे मराठी मुलुखाने पाहिले आहे. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली आणि 2006 साली ती घरे त्यांच्या हाती आली. अशा घराचा नकाशा काढताना एक गोष्ट गृहीत धरावी लागते: हे केवळ राहते घर नाही, हा कारखानाही आहे. दोन झरोके आणि एक जाळी यांचा खर्च घराच्या एकूण किमतीत नगण्य असतो. भिंती उभ्या राहिल्यानंतर मात्र तो वाढतो आणि मग होतच नाही.

माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. अन्न एक दिवस चुकले तर चालते, पाणी काही तास चुकले तर चालते; हवेला खंड नाही. निपाणीच्या तंबाखूचे वजन होते, विड्यांची मोजणी होते, मजुरीचा भाव हजारावर ठरतो. त्या मजुरीच्या वाटाघाटीत आणि घरबांधणीच्या अर्जात झरोक्याचीही एक ओळ आली, तर पुढच्या पिढीतील मुलीला आईचे कौशल्य मिळेल. आईचा खोकला तिच्या वाट्याला येणार नाही.