गार हातापायांवरचा चिनी उतारा

कोकण किनाऱ्यावरच्या नागावात थंडी पडून पडणार किती? ऐन पौषातही पहाटेचा पारा 16-17 अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. पण माडापोफळींच्या दाट वाडीत ऊन उशिरा पोचतं, शिंपणं करणाऱ्याचे पाय पाटाच्या पाण्यात असतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातापायांना दुपारपर्यंत ऊब धरत नाही. या गारठ्यावर जे उपाय झाले, त्यांत चीन आला कुठून? आपल्याला वाटतं त्याच्या बराच आधी.

चौल-रेवदंडा इथून दक्षिणेला, हाकेच्या नाही तरी बैलगाडीच्या अंतरावर. सोळाव्या शतकात तिथे पोर्तुगीज होते, आणि त्याच शतकात चोपचिनी नावाचं चिनी मूळ पश्चिम किनाऱ्यावर नावारूपाला आलं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. मूळ मागणी फिरंगरोगासाठी, म्हणजे उपदंशासाठी, पण पुढे धरलेल्या सांध्यांवरही ते चालू लागलं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथाने त्याला द्वीपांतर वचा असं संस्कृत नाव देऊन पंक्तीला बसवलं. आज गांध्याच्या दुकानात चोपचिनी मागणाऱ्याला ती परदेशी वाटत नाही.

हातपाय बर्फासारखे पडण्यावर मात्र चीनचं स्वतःचं शास्त्र आहे, आणि ते फार जुनं. झांग झोंगजिंग या वैद्याने इसवी सन 200 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्यावर काढे सांगितले आहेत. एकात तीनच द्रव्यं: सुंठ, ज्येष्ठमध आणि बचनागाच्या कुळातलं एक मूळ. दुसऱ्या, सौम्य काढ्यात दांगगुई हे मूळ, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, बोरं वगैरे सात द्रव्यं. यातलं अर्धं सामान नागावच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. सुंठ-गुळाची गोळी, बाळंतिणीच्या खाण्यातली सुंठ, काढ्यातली दालचिनी-मिरी. बचनाग आपल्या वैद्यांनाही ठाऊक. तो गोमूत्रात शुद्ध करून त्रिभुवनकीर्तीसारख्या औषधांत घालतात. दोन्हीकडे शहाण्या माणसाने तो घरी हाताळला नाही. नीट शुद्ध न केलेला बचनाग हृदयाची लय बिघडवतो आणि जीवही घेतो.

चोळायला इथे उंडीचं तेल. किनाऱ्यावरच्या झाडांच्या बियांचं, कडवट वासाचं, सांध्यांना आणि तळपायांना लावायचं. पुढे बाटल्या आल्या. अमृतांजन 1893 साली मुंबईत निघालं. मग रंगूनच्या एका चिनी वैद्याच्या घराण्यात जन्मून सिंगापुरात मोठं झालेलं टायगर बाम बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या पेट्यांतून कोकणात आलं. कोकणी घराने मनापासून स्वीकारलेलं चिनी औषध माझ्या मते हेच. कापूर, मेंथॉल, लवंगेचं तेल असा सगळा ओळखीचा ऐवज. खरं तर त्याने त्वचेला उबेचा भास जास्त होतो. ऊब येते ती चोळणाऱ्याच्या हातांची.

सुयांचं नशीब मात्र काढ्यांपेक्षा चांगलं निघालं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. महाराष्ट्रात या उपचाराचा स्वतंत्र कायदाही झाला, त्याच्या नावात 2015 साल आहे. चिनी काढ्यांना असा राजाश्रय मिळाला नाही.

तरी आता दांगगुईच्या कॅप्सूल मोबाइलवरून घरपोच येतात. सुंठ-दालचिनी दारात असताना त्या मागवण्याचं प्रयोजन मला कळत नाही, आणि धोका तर आहेच: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दांगगुईने रक्तस्राव वाढू शकतो. चिनी वनस्पतींच्या मिश्रणात ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेलं झाड शिरल्यामुळे 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्या वजन कमी करायला गेल्या होत्या.

आणि हातापायांच्या गारव्याचं कारण कधी कधी वेगळंच निघतं. थकवा असला तर डॉक्टर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहतात. बोटं गार पाण्यात पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो मॉरिस रेनॉ याने 1862 साली वर्णिलेला विकार असू शकतो. मधुमेह्याचे पाय गार आणि बधिर लागले, तर शेगडीवर शेकणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण भाजल्याचं त्याला कळतच नाही.