हिल एंड : काचेवरची माणसे, दफ्तरातली नावे

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या वायव्येस आणि बाथर्स्ट शहराच्या उत्तरेस डोंगराळ भागात वसलेले हिल एंड हे आज जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीचे खेडे आहे. परंतु १८७२ मध्ये, गावालगतच्या हॉकिन्स हिल या टेकडीतील गारगोटीच्या शिरांमधून सोने निघत होते त्या सुमारास, तेथे आठ हजारांच्या आसपास माणसे राहत होती आणि दोन डझनांहून अधिक दारूगुत्ते चालू होते, त्यांपैकी रॉयल हॉटेल तेवढे टिकून आहे. सोने संपताच लाकूड, पत्रा आणि झाडाच्या सालींनी उभारलेली घरे मोडली गेली, आणि १९६७ मध्ये गाव ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित झाले तेव्हा बहुतेक ठिकाणी मोकळे भूखंडच उरले होते. असे असूनही आपल्या पणजोबांचा माग काढणारी ऑस्ट्रेलियन कुटुंबे याच गावाकडे वळतात, कारण येथील रहिवाशांचे चेहरे काचेवर टिकून राहिले आहेत.

त्याचे श्रेय ब्यूफॉय मर्लिन आणि त्याचा तरुण साहाय्यक चार्ल्स बेलिस यांना जाते. मर्लिनच्या अमेरिकन अँड ऑस्ट्रलेशियन फोटोग्राफिक कंपनीची रीत अशी होती की, गावातील प्रत्येक घर आणि दुकान त्यातील माणसांना दारात उभे करून टिपायचे आणि प्रती त्यांनाच विकायच्या. छायाचित्रण ओल्या काचेच्या पद्धतीने होई, म्हणजे कलोडियन या चिकट द्रावणाचा लेप दिलेली काच चांदीच्या क्षारात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि ती सुकण्याआधी धुवावी लागे. प्रकाश काही क्षण घ्यावा लागत असल्याने वडीलधारी माणसे स्पष्ट आली आहेत, तर पायाशी चुळबुळ करणारी मुले आणि कुत्री पुष्कळदा धूसर. मात्र काचेतील तपशील इतका बारीक आहे की मोठ्या केलेल्या प्रतीत खिडकीतील मालावरची अक्षरेही वाचता येतात.

या कामाला पुढे पैसा पुरवला तो बर्नहार्ट होल्टरमन या हॅम्बुर्गहून आलेल्या जर्मन खाणमालकाने, ज्याच्या भागीदारीतील स्टार ऑफ होप खाणीत १९ ऑक्टोबर १८७२ रोजी सुमारे २८६ किलो वजनाचा सोनेमिश्रित गारगोटीचा प्रचंड खंड सापडला. त्या खंडाला हात टेकून उभ्या असलेल्या होल्टरमनचे प्रसिद्ध छायाचित्र वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून बनवलेले आहे. त्यामुळे हिल एंडचे सर्वांत नावाजलेले चित्र बनावट आणि अनोळखी माणसांची साधी चित्रेच विश्वासार्ह, असा विचित्र प्रकार झाला आहे. मर्लिन १८७३ मध्ये वारला, १८८५ मध्ये होल्टरमनही गेला, आणि काचा विस्मरणात गेल्या. १९५१ मध्ये छायाचित्रणविषयक नियतकालिकाचे संपादक कीस्ट बर्क यांना सिडनीच्या चॅट्सवुड उपनगरात, होल्टरमनच्या सुनेच्या बागेतील शेडमध्ये, सुमारे साडेतीन हजार काचा मिळाल्या. आज त्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात आहेत.

चेहरे असले तरी त्यांपैकी कित्येकांची नावे काचेवर नाहीत. ती दफ्तरांतून शोधावी लागतात. ब्रिटनमध्ये वंशेतिहासाचा मुख्य आधार असलेली जनगणनेची मूळ पत्रके न्यू साउथ वेल्समध्ये फारशी उरलेली नाहीत. १८८१ ची पत्रके २२ सप्टेंबर १८८२ रोजी सिडनीतील गार्डन पॅलेसच्या आगीत जळाली, १८९१ व १९०१ च्या याद्यांत प्राधान्याने कुटुंबप्रमुखांचीच नावे आहेत, आणि एकसंध राष्ट्र झालेल्या ऑस्ट्रेलियाने विसाव्या शतकात घेतलेल्या जनगणनांची पत्रके आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केली. खाजगीपणाच्या नावाखाली केलेला हा निर्णय पुढच्या पिढ्यांना फार महाग पडला. ही उणीव १ मार्च १८५६ पासून सुरू झालेली जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंदणी भरून काढते. तेथील मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावे, जन्मस्थान, वसाहतीत काढलेली वर्षे, विवाहाचा तपशील आणि अपत्यांची नावे-वये इतके सगळे असते, म्हणजे एकाच कागदावर तीन पिढ्या सापडतात. माहिती सांगणारा मात्र मृताचा शेजारी किंवा जावई असू शकतो, म्हणून तीत चुका असतात, आणि जर्मन नावांचे स्पेलिंग तर कारकुनाच्या कानावर अवलंबून असे.

चेहरा आणि नाव यांची गाठ घराच्या ठिकाणी पडते. दारावरच्या पाटीवरून दुकानदार ओळखायचा, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संगणकीय संग्रहातील जुन्या वृत्तपत्रांत त्याची जाहिरात शोधून रस्ता पक्का करायचा, मग दाखल्यावरून मुलांची वये काढून दारातल्या उंच-बुटक्या रांगेशी ताडून पाहायची, असा हा क्रम आहे. चार अपत्यांपैकी एक चित्रात नसेल, तर बालमृत्यूच्या नोंदी चाळाव्या लागतात. गावातल्या मोकळ्या भूखंडांवर आता तेथे एकेकाळी उभ्या असलेल्या इमारतींची मर्लिनने घेतलेली चित्रे फलकांवर लावलेली आहेत, त्यामुळे नकाशा हातात न घेताही जुनी बाजारपेठ ध्यानात येते.

पण या पद्धतीची धाव सर्वांपर्यंत पोहोचत नाही. ज्यांच्या भूमीवर हे सोने निघाले त्या विराजुरी आदिवासींच्या नोंदी या दफ्तरांत तुटपुंज्या आहेत, तर चिनी खाणकामगारांची नावे इंग्रजी कारकुनांनी इतकी वेडीवाकडी उतरवली की एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळवणेही कठीण होते. त्यांच्या वंशजांना मृत्यूच्या दाखल्यापेक्षा दफनभूमीतील शिळा आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या कथा यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.